कॅलेंडरमध्ये टाकलेला इव्हेंट भलत्याच वेळेला दिसतो, नाहीतर वेळच दिसत नाही: काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्यांदा सोडवलाय की आता फोन आला की मी "बोल" म्हणायच्या आधीच विचारतो, "मंथ व्ह्यूमधून टाकलास ना?" आणि समोरून जरा वेळ शांतता, मग "तुला कसं कळलं?" साताऱ्यात एका क्लासचं वेळापत्रक लावायचं काम माझ्याकडे आहे, पाच बॅचेस, सात सर, प्रत्येकाच्या फोनवर त्याचं त्याचं कॅलेंडर. शिवाय घरातला फुकटातला आयटी डिपार्टमेंट पण मीच. म्हणून इथे जे लिहितोय ते सगळं हाताने करून झालेलं आहे, बहुतेक गुगल कॅलेंडरवर, थोडं आउटलुकवर, आणि एका सरांमुळे थंडरबर्डवर (मेल आणि कॅलेंडरचा एक फुकट प्रोग्राम).

आधी लक्षणं बघा, कारण "कॅलेंडर चालत नाही" या एकाच वाक्यात लोक पाच वेगवेगळे आजार सांगतात.

– इव्हेंट दिसतोय पण वरच्या पट्टीत, दिवसभराचा म्हणून, आणि त्याचा रिमाइंडर वाजलाच नाही.
– बरोबर १२ तासांनी चुकलाय. सकाळचा रात्री, दुपारचा मध्यरात्री.
– बरोबर एका दिवसाने चुकलाय.
– साडेपाच तास, साडेचार तास, दीड तास, असा विचित्र पण ठरलेला फरक पडतो.
– एरवी नीट, पण मार्चमध्ये नाहीतर नोव्हेंबरमध्ये एका तासाने सरकला.
– कॉम्प्युटरवर आहे, फोनवर नाही. किंवा उलटं.
– वेळ बरोबर आहे पण संपायची वेळ आपोआप भलतीच होते.
– एक्सेलमधून शंभर इव्हेंट एकदम टाकले आणि जूनचे मे महिन्यात जाऊन बसले.

किती तासांनी चुकलंय हे आधी बोटांवर मोजा, अंदाजे नको. "खूप पुढे गेलंय" याने काही कळत नाही, "साडेपाच तास पुढे गेलंय" म्हटलं की अर्धं काम तिथेच झालं.

पहिलं: त्या इव्हेंटला वेळ आहे का तरी?

दहा सेकंदांचं काम, म्हणून सगळ्यात आधी. इव्हेंटवर क्लिक करा आणि तारखेच्या पुढे वेळ लिहिलीय का बघा. नसेल तर तो "ऑल डे" झालाय. कारण जवळपास नेहमी हेच असतं की महिन्याचं पान उघडं होतं, त्यातल्या तारखेच्या चौकोनावर क्लिक केलं, "फिजिक्स टेस्ट" लिहिलं आणि सेव्ह. महिन्याच्या पानावर क्लिक केलं की कॅलेंडरला फक्त तारीख कळते, तास कसा कळणार, त्या चौकोनात तास नाहीतच. गुगलमध्ये त्या छोट्या खिडकीत "ॲड टाइम" असं बटण असतं पण ते घाईत कोणी बघत नाही. जुन्या आउटलुकमध्ये महिन्याच्या पानावर डबल क्लिक केलं तर ऑल डेची टिक आधीच लागलेली असते.

आता हे एवढं महत्त्वाचं का, तर नोटिफिकेशनमुळे. गुगलच्या सेटिंगमध्ये वेळेच्या इव्हेंटचे रिमाइंडर वेगळे आणि दिवसभराच्या इव्हेंटचे वेगळे असतात. तुम्ही "१० मिनिटं आधी" लावलंय ते वेळेच्या इव्हेंटला लागू, ऑल डे झालेल्याला नाही. म्हणजे दिसायला तारखेला नाव दिसतंय, मन निर्धास्त, आणि ऐन वेळेला काही वाजत नाही. आमच्या एका सरांची एक्स्ट्रा बॅच अशीच गेली, वीस पोरं वर्गात आणि सर घरी चहा पीत बसलेले, आणि वर मलाच म्हणतात की कॅलेंडरमध्ये होतं रे. होतं ना, पण सात वाजता नव्हतं, नुसतं मंगळवारी होतं.

उपाय: इव्हेंट एडिट करा, ऑल डेची टिक काढा, वेळ भरा. आणि पुढच्या वेळेपासून आठवड्याचं पान उघडा. गुगलमध्ये कीबोर्ड शॉर्टकट सुरू असतील (सेटिंगमध्ये टिक असते) तर नुसतं डब्ल्यू दाबलं की आठवडा, डी म्हणजे दिवस, एम महिना, टी दाबलं की आजवर परत. मग माउसने सातवर दाबून धरायचं आणि साडेआठपर्यंत खाली ओढायचं, सोडायचं, नाव टाइप करायचं, एंटर. वेळ आधी, नाव नंतर. हा क्रम एकदा अंगात मुरला की महिन्याच्या पानावर हात जातच नाही. फक्त ओढताना तासांच्या वरची जी अरुंद पट्टी आहे तिच्यावर क्लिक करू नका, ती ऑल डेचीच जागा आहे.

एक पोटप्रकार: इव्हेंटला वेळ आहे तरी तो वरच्या पट्टीत बसलाय. तेव्हा शेवटची तारीख बघा. २४ तासांपेक्षा लांब इव्हेंट गुगल वरच नेऊन ठेवतं. सात ते साडेआठ करायचं होतं आणि शेवटची तारीख चुकून दुसऱ्या दिवसाची पडली की असं होतं.

दुसरं: बारा तासांचा फरक

एएम-पीएम. बाकी काही नसतं. सगळ्यात जास्त गोंधळ बाराचा. दुपारी साडेबारा म्हणजे १२:३० पीएम, पण माणसाच्या डोक्यात सकाळ अजून संपलेली नसते म्हणून तो एएम ठेवतो, आणि डब्याच्या सुट्टीचा इव्हेंट मध्यरात्री साडेबाराला जाऊन बसतो, तेही त्या दिवसाच्या सुरुवातीला, म्हणजे दिसतसुद्धा नाही कारण पान सकाळी आठपासून उघडतं आणि वर स्क्रोल करायला कोण जातंय. "इव्हेंट गायबच झाला" असं कोणी म्हणालं की मी आधी वर स्क्रोल करायला सांगतो.

आमच्या आत्याची गंमत सांगतो. तिच्या फोनची भाषा मराठी. काही मराठी स्क्रीनवर एएमला "म.पू." आणि पीएमला "म.उ." येतं, म्हणजे मध्यान्हपूर्व आणि मध्यान्होत्तर. आत्याने वाचलं मध्यरात्रीपूर्वी. तिच्या हिशोबाने रात्रीचे दहा म्हणजे मध्यरात्रीच्या आधीचेच ना, म्हणून म.पू. लावलं, आणि रात्रीच्या गोळीचा रिमाइंडर सकाळी दहाला. तिचं काय चुकलं सांगा. मध्यान्ह हा शब्द आपण बोलताना कधी वापरतो?

म्हणून मी सगळ्यांकडे २४ तासांचं घड्याळ लावून टाकतो. गुगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये टाइम फॉरमॅट आहे तिथे १३:०० वालं निवडा. रेल्वेचं टाइमटेबल वाचता येतं त्याला हे जमतं. पहिले दोन दिवस कुरकुर होते, मग बारा तासांचा घोळ विषयच संपतो.

तिसरं: एका दिवसाने चुकलंय

हा घोळ कॅलेंडरचा कमी आणि आपल्या बोलण्याचा जास्त. आपण "शुक्रवारी रात्री बाराची गाडी" म्हणतो. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस घ्या, वर्षानुवर्षं तिची वेळ ००:०५. तिकिटावर तारीख शनिवारची असते, पण स्टेशनवर जायचं शुक्रवारी रात्री जेवून. चुलतभावाने गणपतीच्या आधी कॅलेंडरमध्ये बरोबर शनिवार ००:०५ टाकलं होतं, तरीही शनिवारी रात्री बॅगा घेऊन निघाला, कारण दिवसाच्या पानावर शनिवार हा शब्द बघितला आणि मनात रात्र धरली. गाडी कधीच कोकणात पोचली होती.

यावर सेटिंग नाही. मी काय करतो, तर मध्यरात्रीनंतरच्या गोष्टीसाठी दोन इव्हेंट टाकतो: गाडीचा खरा वेळेला, आणि "घरातून निघणे" आदल्या रात्री २१:३० ला. दुसरा इव्हेंट तुम्हाला वाचवतो, पहिला फक्त माहितीसाठी.

चौथं: संपायची वेळ आपोआप बदलते

हा बिघाड नाही, हे मुद्दाम तसं केलेलं आहे. सुरुवातीची वेळ बदलली की कॅलेंडर कालावधी तोच ठेवून शेवटची वेळ सरकवतं. म्हणून आधी सुरुवात भरा, मग शेवट. उलटं केलं की शेवट परत हलतो आणि माणूस चिडतो. नवीन इव्हेंट किती वेळाचा धरायचा हे पण सेटिंगमध्ये "डिफॉल्ट ड्युरेशन" ला ठरवता येतं. आमची लेक्चर ४५ मिनिटांची म्हणून मी ४५ लावून ठेवलंय, दर इव्हेंटमागे दोन क्लिक वाचतात, आठवड्याच्या साठ लेक्चरला हिशोब करा. तिथेच "स्पीडी मीटिंग्ज" नावाची टिक आहे, ती लागलेली असेल तर ३० मिनिटांची मीटिंग ५ मिनिटं आधी आणि तासाची १० मिनिटं आधी संपते. "माझा एक तास ५० मिनिटांचा का होतो" या प्रश्नाचं उत्तर ही टिक.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते, वेळेच्या खोक्यात पाव-पाव तासाची यादी उघडते म्हणून त्यातूनच निवडायचं असं नाही, खोक्यात सरळ टाइप करता येतं. ९:१० ते ९:५५ पाहिजे? टाइप करा. आमच्या एका मॅडम दोन वर्षं ९:१० चं लेक्चर ९:१५ ला टाकत होत्या आणि नोंदीत कंसात "पाच मिनिटं आधी या" असं लिहीत होत्या.

पाचवं: कॉम्प्युटरवर आहे, फोनवर नाही

इव्हेंट सेव्ह करताना कुठल्या कॅलेंडरमध्ये जातोय ते बघा. फोनमध्ये एकाच ॲपमध्ये तीन-चार कॅलेंडर असतात, दोन जीमेल अकाउंट, शिवाय काही फोनमध्ये फोनचं स्वतःचं, जे कुठेच सिंक होत नाही, फोन गेला की तेही गेलं. इव्हेंट उघडून खाली कुठला ईमेल किंवा नाव दिसतंय ते वाचा. डाव्या यादीत त्या कॅलेंडरची टिक निघालीय का तेही बघा, टिक नसली की इव्हेंट असून दिसत नाही. मग अकाउंटचं सिंक चालू आहे का. एवढंच.

दिसतंय पण वाजत नाही, असं असेल तर फोनमध्ये कॅलेंडर ॲपला नोटिफिकेशनची परवानगी आणि बॅटरी सेव्हर तपासा. कॉम्प्युटरवर गुगल कॅलेंडरचं नोटिफिकेशन हवं असेल तर ब्राउझरमध्ये ते पान उघडं असावं लागतं, बंद केलंत तर कोण सांगणार.

सहावं: ठरलेल्या तासांचा फरक, म्हणजे टाइम झोन

इथे जरा थांबून वाचा. इथे लोक स्वतःच्या हाताने बिघाड वाढवतात.

आपली वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. ८२.५ अंश पूर्व रेखांश, एका तासाला १५ अंश, भागा, साडेपाच येतात. त्यामुळे फरक साडेपाच तासांचा असेल तर कुठेतरी कोणीतरी यूटीसी धरलंय. साडेचार तासांचा असेल तर उन्हाळ्यातलं लंडन, दीड तासाचा असेल तर दुबई. साडेबारा किंवा साडेतेरा तास असेल तर अमेरिकेचा पश्चिम किनारा, नवीन विंडोज टाकलेल्या लॅपटॉपवर सेटअप करणाऱ्याने झोन बदलायचाच ठेवला की पॅसिफिक टाइम तसाच राहतो, हे मी बऱ्याचदा बघितलंय.

झोन तीन ठिकाणी असतो आणि तिन्ही बघावे लागतात. एक, कॉम्प्युटरचा. दोन, कॅलेंडर ॲपचा स्वतःचा. तीन, त्या एका इव्हेंटचा. शिवाय गुगलमध्ये प्रत्येक कॅलेंडरच्या सेटिंगमध्येही एक असतो, शेअर केलेलं कॅलेंडर असेल तर तो पण उघडून बघा.

कॉम्प्युटर आधी. विंडोजमध्ये सेटिंग, टाइम अँड लँग्वेज, डेट अँड टाइम. तिथे झोन "चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली" असा पाहिजे. आता ऐका. एका दुकानातून फॉरमॅट होऊन आलेल्या मशीनवर घड्याळ बरोबर दिसत होतं, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं, तरी आउटलुकमधले बाहेरून आलेले सगळे इव्हेंट साडेपाच तास चुकीचे. अर्धा तास मी ॲपमध्ये खाली-वर करत बसलो. मग झोन बघितला तर यूटीसी, आणि "सेट टाइम ऑटोमॅटिकली" बंद. म्हणजे कोणीतरी घड्याळ साडेपाच तास मागे बघितलं, झोन बदलायच्या ऐवजी काटेच साडेपाच तास पुढे फिरवले, आणि परत मागे जाऊ नये म्हणून ऑटोमॅटिक बंद करून टाकलं. डोळ्याला सगळं ठीक. पण कॉम्प्युटरच्या दृष्टीने जगात साडेपाच तास जास्त झालेले. घड्याळ बरोबर दिसतंय म्हणजे झोन बरोबर आहे असं अजिबात धरू नका. करायचं उलट्या क्रमाने: आधी झोन बरोबर निवडा, मग ऑटोमॅटिक टाइम चालू करा, मग "सिंक नाऊ" दाबा. काटे हाताने फिरवायचे नाहीत.

मग ॲप. गुगल कॅलेंडर कॉम्प्युटरचा झोन बघून गप्प बसत नाही, त्याचं स्वतःचं सेटिंग असतं. यादीत मुंबई-पुणे शोधाल तर सापडणार नाही, कोलकाता लिहिलेलं असतं, तेच आपलं. (मुंबईची स्वतःची वेळ होती एकेकाळी, बॉम्बे टाइम, ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटं. ती चालू राहिली असती तर हा लेख दुप्पट लांब झाला असता.) परदेशी गेलात की गुगल विचारतं, तुमचा झोन इथला करू का? आपण घाईत हो म्हणतो. परत आल्यावरही विचारतं, तेव्हा घाईत नाही म्हणतो. काका दुबईहून आले आणि पुढचे पंधरा दिवस त्यांचा प्रत्येक नवीन इव्हेंट दीड तास उशिरा, ते बिचारे कुरिअरवाल्याला, डॉक्टरला, सगळ्यांना शिव्या घालत होते.

इथे एक सावधगिरी. झोन दुरुस्त केल्यावर चुकीच्या झोनमध्ये टाकलेले जुने इव्हेंट आपोआप बरे होत नाहीत. दुबईच्या झोनमध्ये १०:०० म्हणून टाकलेला इव्हेंट आपल्याकडे ११:३० लाच दिसणार, आणि कॅलेंडरच्या मते ते बरोबरच आहे. त्या काळातले इव्हेंट एकेक उघडून वेळ नीट करावी लागते. म्हणून झोन दुरुस्त केल्या केल्या "अजून चुकतंच आहे" म्हणून परत झोनला हात लावू नका. एक नवीन चाचणीचा इव्हेंट टाका, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीवर सारखा दिसला की झोन सुटला, उरलं ते फक्त जुनं साफ करणं.

थंडरबर्डलाही कॅलेंडरचा झोन वेगळा निवडायची सोय आहे, तिथे बघा. जुना आउटलुक विंडोजच्याच झोनवर चालतो, म्हणून तिथे विंडोज दुरुस्त केलं की झालं.

सातवं: मार्च-नोव्हेंबरमधला एक तास

आपल्याकडे घड्याळ वर्षभर एकच, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे अमेरिका बदललेली आणि युरोप नाही अशी स्थिती असते, तीन देशांची मीटिंग असेल तर देवच वाली.

आमचा न्यू जर्सीतल्या मेव्हण्याबरोबर दर शनिवारी व्हिडिओ कॉल असतो, इथले संध्याकाळचे साडेसात. उन्हाळ्यात तिकडे सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. इव्हेंट मी बनवलेला, माझ्या झोनमध्ये, म्हणून माझ्याकडे कायम साडेसातच, आणि नोव्हेंबरमध्ये मेव्हणा झोपेतून उठून फोन घेतो आणि म्हणतो तुमचं कॅलेंडर बिघडलंय. बिघडलेलं काही नाही. पुनरावृत्तीचा इव्हेंट ज्या झोनमध्ये बांधलाय त्या झोनच्या घड्याळाशी इमान राखतो. त्यामुळे आधी घरात ठरवा की कोणाची वेळ हलली तर चालेल. मग इव्हेंट एडिट करून वेळेच्या शेजारी "टाइम झोन" वर क्लिक करा आणि ज्याची हलायला नको त्याचा झोन द्या. आमच्याकडे शेवटी त्याचा झोन लावला, कारण त्याची पोरं लहान आहेत. आता हिवाळ्यात आम्ही साडेआठला बसतो.

अशा वारंवार येणाऱ्या इव्हेंटला हात लावताना गुगल विचारतं: फक्त हा, हा आणि पुढचे, की सगळे. बहुतेक वेळा मधला पर्याय हवा असतो. "सगळे" केलं तर मागचा इतिहासही बदलतो, आमच्याकडे सरांचे तास त्यावरून मोजतात म्हणून सांगतो.

आठवं: एक्सेलमधून एकदम टाकताना

वर्षाच्या सुरुवातीला अख्खं वेळापत्रक हाताने टाकायला वेळ कोणाला आहे, म्हणून सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलचा तक्ता स्वल्पविरामांनी वेगळा करून साध्या मजकुरात सेव्ह केलेला. गुगलमध्ये हे फक्त कॉम्प्युटरवरून होतं, फोनवरून नाही. आणि काहीही टाकायच्या आधी एक नवीन रिकामं कॅलेंडर बनवा, "चाचणी" नावाचं, आणि इम्पोर्ट त्याच्यात करा. चुकलं तर ते अख्खं कॅलेंडर उडवता येतं. मी पहिल्या वर्षी थेट मुख्य कॅलेंडरमध्ये ओतलं, चुकलं, दुरुस्त करून परत ओतलं, तेव्हा प्रत्येक लेक्चर दोनदा, एक बरोबर आणि एक चूक, आणि मग तीनशेच्या वर इव्हेंट एकेक करून पुसले. रात्रीचा दीड वाजला होता.

चुका कुठे होतात? पहिल्या ओळीतली नावं इंग्रजीतच आणि ठरलेलीच लागतात, सब्जेक्ट, स्टार्ट डेट, स्टार्ट टाइम, एंड डेट, एंड टाइम. "विषय", "तारीख" लिहून चालत नाही. स्टार्ट टाइमचा रकाना रिकामा राहिला की पुन्हा तेच, ऑल डे. गुगलच्या मदतपानावरच्या नमुन्यात तारीख महिना-दिवस-वर्ष अशी आहे, आपण दिवस-महिना-वर्ष लिहितो. म्हणून ५ जून हा ६ मे होऊन बसतो आणि १३ तारखेपासून पुढचं काहीच धड येत नाही. पहिल्या बारा तारखा भलत्या महिन्यात आणि बाकीच्या गायब, असं चित्र दिसलं की दुसरं काही शोधू नका.

एक्सेल आणखी एक करतं. तुम्ही महिना आधी लिहिलात तरी फाइल परत उघडून सेव्ह केली की ते विंडोजच्या रीजनप्रमाणे तारखा पुन्हा फिरवू शकतं. म्हणून सेव्ह केल्यावर फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या पाच ओळी डोळ्याने वाचा, एक्सेलमध्ये नाही. मराठी अंक टाइप केले असतील तर एक्सेल त्याला वेळ न मानता अक्षरं मानतं, ओळखायची खूण म्हणजे खऱ्या वेळा आणि तारखा खोक्यात उजवीकडे चिकटतात, अक्षरं डावीकडे. आणि विषयाची नावं मराठीत असतील तर सेव्ह करताना "सीएसव्ही यूटीएफ-८" निवडा, नाहीतर "भौतिकशास्त्र" च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग.

आधी तीन ओळींची फाइल टाका. एक सकाळची, एक दुपारी साडेबाराची, एक १३ नंतरच्या तारखेची. तिन्ही जागेवर बसल्या तर बाकीच्या बसतात.

दुसऱ्याकडून आलेली आयसीएस फाइल (कॅलेंडरचे इव्हेंट पाठवायची फाइल) चुकत असेल तर तीही नोटपॅडमध्ये उघडते. डीटीस्टार्टच्या, म्हणजे इव्हेंट सुरू व्हायच्या वेळेच्या, ओळीत तारीख, मग टी, मग वेळ. शेवटी झेड असेल तर ती वेळ यूटीसी. म्हणजे कोणी "१००००० झेड" (दहा वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंद) असं लिहिलं असेल तर तुमच्याकडे ते दुपारी साडेतीनला दिसणार, आणि पाठवणाऱ्याला सकाळचे दहा म्हणायचे होते. चूक त्याच्या फाइलची, तुमच्या कॅलेंडरची नाही. नुसती तारीखच असेल, टी आणि वेळ नसेल, तर तो ऑल डे.

नववं: घड्याळच राहत नाही

कॉम्प्युटर बंद करून चालू केला की तारीख काही वर्षं मागे जाते, वेबसाइट्स सर्टिफिकेटच्या तक्रारी करतात, नवीन इव्हेंट कुठल्यातरी जुन्या तारखेवर उघडतो. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल गेलाय, बहुतेक सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढून, केस उघडून, जुना कसा बसलाय त्याचा फोटो काढून, अधिकची बाजू बघून नवा बसवायचा. जमत असेल तरच. एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील आणि एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ साडेपाच तास उडत असेल तर सेल ठीक आहे. लिनक्स आतलं घड्याळ यूटीसीत ठेवतं आणि विंडोज स्थानिक वेळेत, दोघांचं भांडण आहे. लिनक्सला स्थानिक वेळ धरायला सांगितलं की मिटतं.

कधी थांबायचं

लॅपटॉपचा सेल स्वतः काढायला जाऊ नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो वायरला जोडलेला असतो आणि वर मोठी बॅटरी असते, स्क्रू ड्रायव्हर भलतीकडे लागला की शंभराचं काम हजारोंवर जातं. दुरुस्तीवाल्याकडे द्या. सेल बदलूनही वेळ टिकत नसेल तर डेस्कटॉपही त्याच्याकडेच, बोर्डात काहीतरी आहे.

ऑफिसचं किंवा कॉलेजचं अकाउंट असेल आणि सेटिंग करडं दिसतंय, बदलता येत नाही, तर ते ॲडमिनने बंद केलंय. तुम्ही काहीही दाबलंत तरी ते बदलणार नाही, त्याला मेल करा, आणि मेलमध्ये इव्हेंट किती वाजता टाकला, किती वाजता दिसतोय, कॉम्प्युटरवर की फोनवर, हे तिन्ही लिहा. "चालत नाही" एवढंच लिहिलंत तर तोही तेच विचारणार.

सॉफ्टवेअरमधून आपोआप येणारे इव्हेंट, म्हणजे दवाखान्याचं अपॉइंटमेंटचं किंवा परीक्षेचं, साडेपाच तास चुकत असतील तर हाताने दुरुस्त करत बसू नका, पुढच्या सिंकला ते परत चुकीचे होतील. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला झेडवाली ओळ कॉपी करून पाठवा.

तुम्ही न टाकलेले, बक्षीस लागलं आणि लिंकवर क्लिक करा असे इव्हेंट दिसायला लागले तर तो वेळेचा प्रॉब्लेमच नाही, ती स्पॅम आमंत्रणं आहेत. लिंक उघडू नका, गुगलच्या सेटिंगमध्ये आमंत्रणं फक्त ओळखीच्या माणसाकडून आली तरच कॅलेंडरमध्ये घ्यायची असा पर्याय आहे तो लावा. तुमच्या नावाने दुसऱ्यांना आमंत्रणं जात असतील तर मात्र पासवर्ड लगेच बदला आणि ऑफिसचं अकाउंट असेल तर ॲडमिनला त्याच दिवशी फोन करा.

आणि हे सगळं करूनही सुटलं नाही तर चाचणीचा एक इव्हेंट टाका, फोन आणि कॉम्प्युटर शेजारी ठेवून दोन्हीचा एकत्र फोटो काढा, स्क्रीनशॉट नको, फोटोच. त्यात दोन्ही घड्याळं पण येतात.